दर पावसाळ्यात तळघराला येणारी ओल: राहती खोली करण्याआधी पाण्याचा माग काढा

लक्षणं ओळखीची आहेत. उन्हाळ्यात तळघराची भिंत खरवडून काढली, आतून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात मारले, वर पुट्टी आणि रंग केला. जून कोरडा गेला. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात जमिनीलगतचा रंग फुगला, ऑगस्टमध्ये पोपडे सुटले, खाली पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) दिसायला लागला आणि कोपऱ्यातली फरशी ओली राहू लागली. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच काम, फक्त कोटिंगची कंपनी वेगळी.

यात माल खराब निघाल्याची उदाहरणं थोडी असतात. बहुतेक वेळा दुरुस्ती भिंत कोरडी असताना होते, त्यामुळे पाणी कुठून येतं ते कोणालाच दिसलेलं नसतं. शिवाय पाणी रेटतं बाहेरून आणि थर लावला जातो आतून. अडगळीच्या सामानासाठी तळघर वापरायचं असेल तर थोडी ओल खपून जाते. अभ्यासिका, पाहुण्यांची खोली किंवा व्यायामाची जागा करायची असेल तर ती खपत नाही, कारण तिथे लाकूड, कापड, विजेच्या वस्तू आणि माणसं येतात.

खालची माहिती पुणे परिसरातल्या उतारावरच्या बंगल्यांना धरून आहे: अडीच-तीन मीटर खोल तळघर, आरसीसी किंवा काळ्या दगडाच्या भिंती, दोन-तीन बाजूंना माती. एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी तपासा. मंजूर नकाशात तळघराचा वापर काय लिहिलाय? तळघराला बहुधा पार्किंग, साठवण, यंत्रसामग्री अशा वापरासाठीच परवानगी असते. राहत्या खोलीसाठी आर्किटेक्टमार्फत महापालिकेत विचारणा करावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर धरली आहे, वातानुकूलित खोलीला २.४ मीटर. वॉटरप्रूफिंगच्या नव्या थरांत सात-आठ सेंटिमीटर उंची जाऊ शकते, त्यामुळे टेप लावून आजच मोजून घ्या.

टेकडीवर घर, भूजल खोल, तरी पाणी कसं?

हा प्रश्न नेहमी येतो. दख्खनच्या जमिनीत वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (तुलनेने मऊ, छिद्राळ खडक) आणि खाली काळा पाषाण असा क्रम असतो. पाषाण अखंड असेल तर त्यात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यांतून सरकतं. तळघरासाठी या खडकात खड्डा घेतला जातो, भिंती उभ्या राहतात आणि भिंत व खडक यांच्यातली अर्धा-एक मीटरची फट भरली जाते. भरण्यात असतो राडारोडा, विटांचे तुकडे आणि खोदून निघालेली सैल माती. पाऊस पडला की पाणी या सैल भरावातून सरळ खाली उतरतं आणि खाली पाषाण असल्यामुळे अडतं. म्हणजे घर खडकात कोरलेल्या हौदात उभं असतं. बोअरचं पाणी ६० मीटरवर असलं तरी तळघराच्या भिंतीला दोन मीटर पाणी टेकलेलं असू शकतं.

काळी माती भरावात असेल तर त्रास वाढतो. ती उन्हाळ्यात आकसते, भिंतीपासून सुटते, बोटभर फट पडते आणि पहिल्या वळवाचं पाणी त्या फटीतून थेट पायापर्यंत जातं. पुढे ती फुगते आणि भिंतीवर रेटाही देते.

या रेट्याचा हिशोब एकदा डोळ्यांखालून घालावा. पाण्याची उंची एक मीटर असेल तर तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब येतो. अडीच मीटरला अडीच टन. आतून लावलेला रंग किंवा लवचिक कोटिंग हा दाब फक्त भिंतीला धरलेल्या चिकटपणाच्या बळावर पेलणार असतं. जमिनीचंही तसंच. चार इंची काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो. त्याखाली २४ सेंटिमीटर पाणी चढलं की वरचा रेटा आणि वजन बरोबरीत येतात. बऱ्याच बंगल्यांत खांब स्वतंत्र पायांवर असतात आणि तळघराची जमीन म्हणजे सोलिंगवर (दगडांच्या थरावर) ओतलेलं चार इंची साधं काँक्रीट असतं. अशी जमीन पूर्ण बंद केली तर पाणी ती उचलतं किंवा तडकवतं.

ओल कोणती, ते पावसाळ्यातच ठरवा

जून ते ऑक्टोबर एका वहीत नोंद ठेवा: तारीख, पाऊस, ओल कुठे, किती उंचीपर्यंत. भिंतीवर पेन्सिलने ओलीची वरची रेघ मारून शेजारी तारीख टाका. एवढ्याने निम्मं निदान होतं.

जोराच्या पावसानंतर दोन-चार तासांत पाणी दिसलं आणि उघडीप मिळताच थांबलं, तर ते वरचं पाणी: गच्चीचा पाइप, अंगणाचा उलटा उतार, खिडकीची चौकट, वायर आत आणलेलं भोक. जुलैमध्ये सुरू झालं, पाऊस थांबला तरी चालू राहिलं आणि दिवाळीपर्यंत हळूहळू ओसरलं, तर भरावात साठलेलं किंवा खडकातून सरकणारं पाणी. बारा महिने एकाच जागी ओल असेल तर पावसाचा संबंध कमी. नळ, ड्रेनेज किंवा टाकी तपासा. आणि पाऊस नसतानाही दमट दिवशी सगळी फरशी घामेजल्यासारखी होत असेल, तर ते हवेतलं बाष्प असतं.

शेवटचा प्रकार ओळखायला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल पुरतो. साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोन भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि २४ तास ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर दव. भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाझर. दोन्हीकडे असतील तर दोन्ही आहे, आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे सर्रास दिसतं. फॉइल तीन ठिकाणी लावा: जमिनीवर, भिंतीच्या पायथ्याशी आणि खांद्याच्या उंचीवर.

बारमाही ओलीसाठी रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी पुन्हा पाहा. अनेक बंगल्यांत जमिनीखालची पाण्याची टाकी तळघराला खेटून असते, कधी तर भिंतही सामाईक असते. टाकी भरून आवक बंद करा, पातळीची खूण करा आणि २४ तास पाणी वापरू नका. दोन बाय तीन मीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर उतार म्हणजे ६० लिटर, आणि एवढं पाणी एका भिंतीला बारमाही ओल द्यायला भरपूर आहे. झिरपणारं पाणी वाटीत धरता येत असेल तर क्लोरीन तपासायचे थेंब टाका, पोहण्याच्या तलावासाठी मिळतात ते. पिवळी छटा आली तर नळाचं पाणी नक्की. छटा नाही आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीतून येताना क्लोरीन संपतो. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये खाद्यरंग किंवा फ्लुरेसीन (गळती शोधायचा चमकदार रंग) टाकून आत रंग उतरतो का ते पाहता येतं; एकेक चेंबर घ्या आणि मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

फरशीखाली किती पाणी उभं आहे हे कळायला जमिनीत ४० मिलिमीटरचं भोक सोलिंगपर्यंत पाडा, त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा सिमेंटने बसवा आणि वर झाकण लावा. ऑगस्टमध्ये त्यात काठी सोडून पातळी मोजायची. पाणी फरशीच्या वर चढत असेल तर नुसत्या कोटिंगचा विचार सोडून द्या. मात्र भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल नकाशा पाहा. जमीन राफ्ट (घराचा भार पेलणारा सलग आरसीसी पाया) असेल तर तिला हात लावायचा नाही.

पहिलं काम अंगणात

खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा इथे होतो आणि नेमकं हेच राहून जातं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,३०० लिटर पाणी होतं. ते पाइपमधून उतरून भिंतीच्या पायथ्याशीच सोडलेलं असेल, तर आत कितीही खर्च करा. पाइप बंद नळीने किमान तीन मीटर दूर, उताराच्या दिशेने न्या आणि चेंबरच्या सांध्यात पाणी ओतून गळती पाहा.

पावसाच्या पाण्याचा पुनर्भरण खड्डा कुठे आहे तेही बघा. जलपुनर्भरण आवश्यकच आहे, पण खड्डा तळघराच्या चढाच्या बाजूला दोन मीटरवर असेल तर गच्चीचं पाणी आपणच भिंतीमागे नेऊन सोडतो. खड्डा उताराच्या बाजूला, घरापासून जितका लांब नेता येईल तितका न्या. भिंतीला लागून केलेले वाफे, लॉन आणि ठिबकच्या नळ्याही हलवा.

अंगणाचा उतार घरापासून बाहेर हवा: पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर. भिंतीलगत एक मीटर रुंदीचा काँक्रीटचा पट्टा घाला, त्याखाली मुरूम थराथराने धुमसून घ्या. पट्टा आणि भिंत यांच्यात १२ मिलिमीटरचा सांधा सोडून तो पॉलियुरेथेन सीलंटने भरा. सिमेंटने भरला तर पहिल्याच उन्हाळ्यात केसभर फट पडते आणि सगळं पाणी तिथूनच शिरतं. चढाच्या बाजूला कुंपणाजवळ उघडा चर काढून वरून येणारं पाणी घराच्या बगलेने वळवता आलं तर फार उत्तम.

आरसीसी भिंत: पाणी शिरण्याच्या ठरावीक जागा

काँक्रीट सहसा सपाट भागातून गळत नाही. जमीन आणि भिंत यांचा सांधा, भिंत जिथे दोन टप्प्यांत ओतली ती आडवी रेघ, शटरिंगच्या टाय रॉडची भोकं, पाइप आत येण्याच्या जागा आणि मधमाशांच्या पोळ्यासारखं पोकळ राहिलेलं काँक्रीट, या जागा आधी पाहायच्या. त्यासाठी प्लास्टर पूर्ण काढावं लागतं. ओलीच्या रेघेच्या वर निदान ६० सेंटिमीटरपर्यंत काढा; लोणा लागलेल्या प्लास्टरवर नवं काहीही धरत नाही, कारण क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि सुकताना स्फटिक होऊन वरचा थर ढकलतात.

जमीन-भिंतीच्या सांध्यात २५ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर खोल खाच कापा. खाचेच्या बाजू सरळ किंवा आत रुंद होणाऱ्या हव्यात. इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेतून पाण्याच्या दाबाने भरण बाहेर येतं. खाच ब्रशने धुऊन घ्या. वाहतं पाणी असेल तिथे पटकन आवळणारं प्लगिंग सिमेंट वापरा. ते दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं, म्हणून मुठीएवढंच कालवा, हातात गरम लागायला लागलं की दाबून बसवा आणि मिनिटभर हात काढू नका. दोन्ही टोकांकडून मध्ये येत जा. शेवटी जिथे सगळं पाणी एकवटतं तिथे १२ मिलिमीटरची नळी ठेवून पाण्याला वाट द्या आणि बाकीचं कडक झाल्यावर ती जागा बुजवा. वरून पॉलिमर घातलेल्या १:३ सिमेंट-वाळूच्या मालाचा ५० बाय ५० मिलिमीटरचा वाटा (कोपऱ्यातला गोलसर उतार) मारा.

भेगेतून पाणी येत असेल तर इंजेक्शन, म्हणजे भेगेत दाबाने रेझिन भरणं. २३० मिलिमीटरच्या भिंतीत भेगेपासून साधारण ११ सेंटिमीटरवर ४५ अंशात भोक घ्यायचं, म्हणजे ते भिंतीच्या मध्यावर भेगेला छेदतं. भोकं एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूला, १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर. त्यात १३ मिलिमीटरचे पॅकर (रेझिन आत सोडायची तोंडं). खालच्या पॅकरपासून सुरुवात करून वरच्यातून रेझिन डोकावलं की पुढे सरकायचं. वाहतं पाणी थांबवायला पॉलियुरेथेन फोम लागतो, पण फोम सच्छिद्र असतो आणि एक-दोन पावसाळ्यांत त्यातून पुन्हा पाझर सुरू होऊ शकतो. फोमनंतर त्याच जागी न फुगणारं लवचिक पॉलियुरेथेन रेझिन सोडलं तरच काम पुरं. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये हे दोन टप्पे वेगळे लिहिलेले आहेत का ते पाहा. बहुतेक वेळा दुसरा नसतोच. एपॉक्सी इथे नको, ते ओल्या आणि हलत्या भेगेत टिकत नाही.

पोकळ काँक्रीटमध्ये सिमेंट ग्राउट (दाबाने भरायचा पातळ माल): ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी आणि न आकसणाऱ्या ग्राउटची पावडर २२५ ग्रॅम. नोझल अर्ध्या मीटरवर, दाब चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलो. जास्त दाबाने जुनी भिंत तडकते.

हे सगळं झाल्यावर कोटिंग. आतून लावायचं असेल तर स्फटिक तयार करणारं सिमेंटी कोटिंग योग्य, कारण ते काँक्रीटच्या रंध्रांत शिरतं आणि चिकटपणावर अवलंबून राहत नाही. त्याला उघडं, खडबडीत, पाण्याने तृप्त पण न वाहणारं काँक्रीट लागतं. ब्रशने लावायला साधारण पाच माप पावडरीला दोन माप पाणी, एका हाताला चौरस मीटरला ०.८ किलो, दोन हात. तीन मीटर उंच आणि बारा मीटर लांब भिंतीला ५८ किलोच्या आसपास माल बसतो. कामगाराने वीस किलोत भिंत उरकली तर समजा की रंगासारखं पातळ फासलं आहे. दुसरा हात पहिला पूर्ण वाळायच्या आत. पुढचे तीन दिवस दिवसातून तीन वेळा फवारा मारून ओलं ठेवा. हे चुकलं तर स्फटिक तयारच होत नाहीत आणि पावडर हाताला लागते. प्लास्टरवर, विटांवर किंवा जुन्या रंगावर हे कोटिंग वाया जातं.

भिंत काळ्या दगडाची असेल तर

दगडी बांधकामात शेकडो सांधे असतात आणि आतला माल जागोजागी पोकळ असतो. अशी भिंत आतून बंद करता येत नाही. एक जागा बुजवली की पाणी शेजारच्या सांध्यातून निघतं. इथे पाणी येऊ द्यायचं आणि ते गोळा करून बाहेर काढायचं, हाच टिकाऊ मार्ग. सांधे खरवडून दर्जा (सांध्यांतला नवा माल) भरा, मग भिंतीवर आठ मिलिमीटर उंचवट्यांची एचडीपीई (प्लास्टिक) शीट उभी लावा. उंचवटे भिंतीकडे, जोड १५ सेंटिमीटरचा आणि ब्युटाइल पट्टीने बंद. शीटच्या खिळ्यांना सीलिंग वॉशर लागतातच. शीटसमोर चार इंची विटांची किंवा सिमेंट बोर्डाची वेगळी भिंत. झिरपा शीटमागून खाली उतरतो आणि पायथ्याच्या चरात जातो.

आतला चर आणि सम्प

जमिनीखाली पाणी चढत असेल तर भिंत कोणतीही असो, हे लागतंच. साध्या काँक्रीटच्या जमिनीत भिंतीलगत २० सेंटिमीटर रुंद चर कापा. पायाच्या खालच्या पातळीपेक्षा खोल जायचं नाही. तळाशी न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर २० मिलिमीटर खडी, मग १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, भोकं खाली, उतार २०० ला १. पुन्हा खडी, कापड वरून दुमडून घ्यायचं आणि वर काँक्रीट. प्रत्येक कोपऱ्यात झाकणाचा उभा तुकडा ठेवा. काँक्रीटमधून निघालेला चुना पाइपमध्ये पांढरा थर धरतो आणि काही वर्षांत भोकं बुजतात. कोपऱ्यातून पाण्याचा फवारा मारता आला तर पाइप साफ होतो, नाहीतर जमीन पुन्हा फोडावी लागते. जमीन राफ्ट असेल तर कापू नका. राफ्टवरच उंचवट्यांची शीट अंथरून कडेला उथळ पन्हळ करा आणि वर जाळी घालून ६५ मिलिमीटर काँक्रीट ओता.

चराचं पाणी सम्पात, म्हणजे पंप बसवलेल्या खड्ड्यात, गोळा होतं. सम्प ६० बाय ६० सेंटिमीटर आणि ९० सेंटिमीटर खोल पुरतो. आवक मोजणं सोपं आहे: पंप बंद करा आणि घड्याळ लावा. या मापाच्या सम्पात १० सेंटिमीटर पाणी चढणं म्हणजे ३६ लिटर. सहा मिनिटांत चढलं तर मिनिटाला सहा लिटर, दिवसाला ८,६४० लिटर. अर्ध्या एचपीचा फ्लोट असलेला सबमर्सिबल पंप यासाठी पुरून उरतो, पण डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तीन-चार मीटर उचलताना किती पाणी देतो ते तक्त्यात बघून घ्या. दुसरा पंप बसवा, त्याचा फ्लोट १५ सेंटिमीटर वर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर पाइपमधलं पाणी परत येतं आणि पंप सारखा चालू-बंद होऊन जळतो. वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर हवा. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे अर्ध्या एचपीलाही दीड ते दोन केव्हीएचा इन्व्हर्टर धरा. पाणी पावसाळी गटारात सोडा, ड्रेनेजमध्ये नको.

पहिले काही दिवस पाणी गढूळ येईल. नंतरही मातीचा गाळ येत राहिला तर पंप थांबवा आणि कापड कुठे फाटलंय ते शोधा. फरशीखालची माती वाहून जाणं हे ओलीपेक्षा मोठं संकट आहे.

बाहेरून खोदून थर लावणं

सर्वांत खात्रीचा उपाय हाच, कारण पाण्याचा दाब थराला भिंतीवर दाबून धरतो. पण शेजारची हद्द, झाडं आणि खर्च आड येतात. जागा असेल तर जानेवारी ते एप्रिलमध्ये, एका वेळी तीन-चार मीटर लांबीच खोदा. दीड मीटरपेक्षा खोल चरीत आधार लावल्याशिवाय माणूस उतरवू नका. सैल भराव क्षणात ढासळतो. भिंत धुऊन, सांधे भरून, पायथ्याला वाटा मारून प्राइमर आणि चार मिलिमीटरचा एपीपी मेंब्रेन (डांबरी पडदा), बाजूचा जोड १० सेंटिमीटर आणि टोकाचा १५. त्यावर संरक्षणाची शीट हवीच; भरावातल्या एका दगडाने मेंब्रेन फाटला तर सगळा खर्च गेला. भिंतीलगत ३० सेंटिमीटर खडी, तळाशी भोकांचा पाइप, पलीकडे कापड. निघालेला राडारोडा परत भरू नका. उतारावरच्या प्लॉटचा मोठा फायदा असा की हा पाइप बऱ्याचदा खालच्या अंगाला उघड्यावर सोडता येतो आणि पंप लागतच नाही.

नवं बांधकाम असेल तर राफ्टच्या खाली आणि भिंतींच्या बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग आजही चांगलं काम देतं, मात्र फरशीमागची फट ग्राउटने पूर्ण भरली गेली तरच.

खोली कधी करायची?

काम उन्हाळ्यात, परीक्षा पुढच्या पावसाळ्यात. एक पूर्ण पावसाळा उघड्या भिंतींवर काढा, तेच फॉइल त्याच तीन जागी लावा, वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून पाहा. पुट्टी, फर्निचर आणि वायरिंगच्या पट्ट्या त्यानंतर. ही घाई न करणं हा सर्वांत स्वस्त विमा आहे. चौकटी आणि कपाटं लागल्यावर गळती शोधायला ती सगळी उखडावी लागतात. काँक्रीट सुकायलाही वेळ लागतो, ढोबळ मानाने महिन्याला एक इंच, म्हणजे चार इंची नव्या जमिनीला चार महिने.

प्लास्टर १:४, गोणीमागे २०० मिलिलिटर वॉटरप्रूफिंग द्रव. जिप्सम आणि पीओपी भिंतीवर नको. जमिनीला व्हिट्रिफाइड किंवा कोटा. लाकडी लॅमिनेट आणि गालिचा नको. कपाटं भिंतीपासून पाच सेंटिमीटर सोडून आणि पायांवर. सॉकेट ४५ सेंटिमीटरच्या वर, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). स्वयंपाकाचा सिलिंडर किंवा गॅस गिझर तळघरात कधीच ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचून राहतो. न्हाणीघर-संडास हवा असेल तर ड्रेनेज चेंबरची पातळी आधी बघा. ती वर असेल तर उपसा पंप आणि उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लागेल.

दवाचा भाग इथे येतो. २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २५ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी धरतं, आणि तळघराची फरशी तेवढी थंड सहज असते. म्हणून पावसाळ्यात 'हवा खेळू दे' म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या की ओल वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या बंद, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) चालू आणि आर्द्रतामापकावर ६० टक्क्यांच्या खाली; त्याची नळी सम्पात सोडा. हवा कोरडी असेल तेव्हा, म्हणजे ऑक्टोबरनंतर, खिडक्या उघडा.

दुरुस्तीनंतर पुन्हा ओल दिसली तर

जागा तीच असेल तर सांधा किंवा इंजेक्शनचा दुसरा टप्पा राहिला आहे. जागा बदलली असेल तर पाण्याला वाट न देता फक्त बुजवाबुजवी झाली आहे. चर आणि सम्पकडे वळा. फरशीच्या मध्यावर ओल येऊन कडा कोरड्या असतील तर कडेचा चर पुरत नाही, जमिनीवर उंचवट्यांची शीट हवी. सम्प कोरडा आणि भिंत ओली असेल तर पाइप चोंदला आहे किंवा उतार उलटा आहे. वरच्या टोकाच्या कोपऱ्यातून बादलीभर पाणी ओता आणि सम्पात किती वेळात येतं ते पाहा. भिंत कोरडी पण लोणा येतच राहिला, तर जुने क्षार बाहेर पडत आहेत. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, पाण्याने धुऊ नका, आणि ते थांबेपर्यंत रंग लांबवा. गॅरंटीच्या कागदावर 'पाझर' म्हणजे कोणत्या भिंती, कोणते सांधे आणि जमीन धरली आहे का, हे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता ऑगस्टअखेरीपर्यंत राखून ठेवा.